आगमनकाळात घरी प्रार्थना कशी करावी? सोलापूरच्या एका भगिनीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावात सलाम. आपण लिहिले आहे की, गणवेश शिवण्याच्या कारखान्यातले काम, मुलांच्या कार्यक्रमाची तयारी, गीतांचा सराव, घराची साफसफाई आणि फराळ यांत सगळा डिसेंबर निघून जातो, आणि पंचवीस तारखेला सकाळी उपासनेला बसल्यावर मन कोरडे असते. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, चर्चमध्ये दर रविवारी एक मेणबत्ती पेटते, पण त्या मेणबत्तीमुळे आपल्या घरात काय घडावे हे कोणी सांगत नाही. सासूबाई म्हणतात की त्यांच्या तरुणपणी आगमनकाळ वगैरे कोणी पाळत नसे. तेव्हा या काळात प्रार्थनापूर्वक तयारी म्हणजे नेमके काय करावे, उपास करावा का आणि मुलांना त्यात कसे सामील करावे, असे आपण विचारले आहे. सोलापुरात पाळकीय सेवा करताना, आणि पुढे आगमनकाळातल्या प्रार्थनासभा चालवताना, लोकांना जे खरोखर उपयोगी पडताना मी पाहिले आहे ते येथे सांगतो.

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. नाताळच्या सकाळी मन कोरडे राहते तेव्हा भक्ती कमी पडली असे आपल्याला वाटते; माझ्या मते बहुतेक वेळा आपण वाट पाहिलेली नसते. डिसेंबरच्या पहिल्या दिवसापासून आपण जन्मोत्सवाची गीते म्हणतो, दारात चांदणी टांगतो, एकमेकांना शुभेच्छा देतो, आणि त्यामुळे जो यायचा आहे त्याच्यावाचून आपले काय अडले आहे हे ओळखायला अवधीच उरत नाही. आपल्या मनात, घरात आणि शहरात जे अजून अपुरे, मोडलेले किंवा अन्यायाचे आहे ते न झाकता देवापुढे ठेवणे आणि ‘प्रभू, ये’ असे म्हणत राहणे, ही आगमनकाळाची तयारी आहे. पुढे जे सुचवणार आहे ते सारे याच विनंतीला आधार म्हणून आहे. त्यातले काही जमले नाही तरी चालेल, पण ही विनंती रोज मनापासून झाली पाहिजे.

सासूबाईंचे म्हणणे खरे असण्याची पुष्कळ शक्यता आहे, म्हणून त्यांना चुकीचे ठरवू नये. सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात ज्या अमेरिकन मराठी मिशनने मंडळ्या उभ्या केल्या ते काँग्रेगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहण्याच्या, परंपरेचे होते, आणि त्या परंपरेची मुळे इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे चर्चमधले जुने विधी काढून टाकू पाहणाऱ्या, लोकांपर्यंत जातात. चर्चच्या वर्षातले ऋतू, त्यांचे रंग आणि नेमलेले पाठ यांकडे त्या लोकांचा फारसा ओढा नव्हता. प्रभूचा दिवस, वचन आणि प्रार्थना एवढे पुरेसे आहे, अशी त्यांची धारणा होती. या मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यांत हे ऋतू पाळणारी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, परंपराही होती, आणि त्या एकत्र येण्यातून आगमनकाळाचे रविवार आपल्याही उपासनेत रुळत गेले. कॅथलिक कुटुंबांत मात्र हा काळ पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आला आहे. परंतु सासूबाईंच्या पिढीने रोजची कुटुंबप्रार्थना ज्या निष्ठेने सांभाळली ती निष्ठा आज फार थोड्या घरांत दिसते, आणि आगमनकाळाला सगळ्यात जास्त गरज तिचीच आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की संध्याकाळचे वचन सासूबाईंनीच वाचावे, आणि त्यांना पाठ असलेली जुनी स्तोत्रे मुलांनी त्यांच्याकडून शिकावी.

हा काळ मुळात पश्चात्तापाचा आहे. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेट्यूस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस उपास ठरवून दिला होता. चार रविवारांची आजची रचना त्यानंतर रोमच्या परंपरेत स्थिरावली. वेदीवरचा जांभळा रंग त्याच पश्चात्तापाचा आहे. आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा असतो, त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि काळाची लांबी दरवर्षी बदलते. २०२२ मध्ये तो पूर्ण २८ दिवसांचा होता, तर २०२३ मध्ये केवळ २२ दिवसांचा. चौथा आठवडा कधी एका दिवसात संपतो, हे लक्षात ठेवून आपली आखणी करावी.

पहिल्या रविवारचे शुभवर्तमान ऐकून पुष्कळ लोक गोंधळतात. बाळाची गोष्ट ऐकायला मिळेल या अपेक्षेने आपण बसतो आणि समोर येतो मत्तयाचा चोविसावा अध्याय, मार्काचा तेरावा किंवा लूकचा एकविसावा: सूर्य अंधकारमय होईल, जागृत राहा, घरधनी केव्हा येईल हे तुम्हांला ठाऊक नाही. रविवारचे पाठ नेमून देणाऱ्या तीन वर्षांच्या पाठक्रमात तिन्ही वर्षी पहिला रविवार प्रभूच्या पुनरागमनाचाच असतो, आणि यामागे विचार आहे. बेथलेहेमचे आगमन होऊन गेलेले आहे. त्याची आपण आठवण करू शकतो, वाट पाहू शकत नाही. वाट पाहायची ती त्याच्या गौरवाने येण्याची, जेव्हा न्याय होईल आणि अश्रू पुसले जातील. बाराव्या शतकातील फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड यांनी या दोहोंच्या मधले आणखी एक आगमन सांगितले आहे: पहिले देहाने आणि दुर्बलतेत, शेवटचे गौरवाने, आणि मधले, गुप्त, आत्म्याने आणि सामर्थ्याने, विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणात. रोजच्या प्रार्थनेचा संबंध या मधल्या आगमनाशी आहे. आपल्याकडे पुनरागमनाचा विषय एक तर भीती घालण्यासाठी वापरला जातो किंवा पूर्ण टाळला जातो, आणि या दोन्हींमुळे आगमनकाळाचा कणाच मोडतो असे मला ठामपणे वाटते. पहिल्या आठवड्यात यशयाचा चौसष्टावा अध्याय काढावा. तेथे संदेष्टा आकाश फाडून खाली उतरून ये अशी देवाला आळवणी करतो, आणि ही आळवणी करताना आपल्या लोकांची पापेही लपवत नाही. ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणायला शिकणे हेच पहिल्या आठवड्याचे काम समजावे.

वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे, असा समज होऊ नये म्हणून याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाची सातवी आणि आठवी वचने मी दरवर्षी मंडळीत वाचतो. शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो, तसा तुम्हीही धीर धरा, असे तेथे म्हटले आहे. याकोबाच्या डोळ्यांपुढे पॅलेस्टाईनचा पाऊस होता; आपल्या डोळ्यांपुढे मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बीची ज्वारी आणावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरणी झाली की पुढे ते पीक मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर जगते. त्या महिन्यांत शेतकरी पाऊस पाडू शकत नाही आणि कणीसही ओढून बाहेर काढू शकत नाही. परंतु तो वेळेवर कोळपणी करतो, कारण काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा बुजल्या नाहीत तर खालची ओल उडून जाते. आगमनकाळातली रोजची छोटी प्रार्थना हे कोळपणीचे काम आहे. कृपा आपण निर्माण करत नाही. बाप्तिस्म्यापासून, वचनापासून, आई-आजीच्या प्रार्थनांपासून जी ओल आपल्यात मुरलेली आहे ती डिसेंबरच्या धावपळीत उडून जाऊ नये, एवढेच आपल्या हाती असते, आणि तेवढे पुरते.

आता प्रत्यक्ष वेळेविषयी. आपले कामाचे तास पाहता पंधरा मिनिटांपेक्षा अधिक मी सुचवणार नाही, कारण मोठा संकल्प पहिल्याच आठवड्यात मोडतो आणि मग अपराधी भावनेतच महिना जातो. वेळ मात्र एकच ठरवावी. ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवसाची पहाट आपल्या हाती नसते, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. म्हणून जेवणानंतर, भांडी आवरून झाल्यावरची वेळ मला अधिक पक्की वाटते. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि पवित्र शास्त्राचे पुस्तक हातात. मोबाइलवर वचन वाचण्यात पाप नाही, पण त्याच पडद्यावर निरोप येत राहतात आणि मन तिकडे जाते. एका वेळी दहा-बारा ओव्यांपेक्षा जास्त वाचू नये. एकदा मोठ्याने वाचावे, थोडे थांबावे, पुन्हा हळू वाचावे, आणि जो शब्द मनात अडकून राहील तो तसाच धरून ठेवावा. त्या शब्दातून जी विनंती, जी कबुली किंवा जे आभार सुचतील ते साध्या मराठीत, घरात बोलतो तसे, देवाला सांगावे. आपल्याकडे काही घरांत तेलुगू किंवा कन्नड ही आजीची भाषा असते. आजीने त्याच भाषेत प्रार्थना करावी, मुलांना प्रत्येक शब्द कळला नाही तरी काही बिघडत नाही. शेवटी दोन-तीन मिनिटे काहीही न बोलता बसावे.

ही शेवटची शांतता सर्वांत अवघड जाते, आणि मी तिच्यावर सर्वांत जास्त भर देतो. आपल्या प्रार्थनांत शब्दांची वाण नसते. प्रार्थनासभेत जो अस्खलित प्रार्थना करतो त्याला आपण आध्यात्मिक समजतो आणि जो अडखळतो तो मागच्या रांगेत बसतो. अशा वेळी लूकच्या पहिल्या अध्यायातील, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या याच्याकडे पाहावे. तो याजक आहे, प्रार्थना करणे हेच त्याचे काम आहे, आणि मंदिरात धूप जाळत असताना त्याला सांगितले जाते की तुझी विनंती ऐकण्यात आली आहे. मूल व्हावे ही ती विनंती त्याने तरुणपणी केली असेल. आता तो स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवू शकत नाही, आणि योहानाच्या जन्मानंतरच्या आठव्या दिवसापर्यंत त्याची वाचा बंद राहते. पुष्कळ उपदेशक याला केवळ शिक्षा म्हणतात. शिक्षा ती आहेच, परंतु त्या महिन्यांत घरात काय वाढत होते तेही पाहावे. त्याची पत्नी अलीशिबा पाच महिने एकांतात राहते, तिची नातलग मरीया येऊन सुमारे तीन महिने मुक्काम करते, त्या दोघी बोलतात, गातात, आणि याजक मात्र गप्प राहून ऐकतो. त्याची जीभ मोकळी होते तेव्हा तिच्यातून तक्रार निघत नाही. वरून उगवणाऱ्या प्रभातेविषयीचे स्तुतिगीत निघते. पहिल्या दोन आठवड्यांत हा एकच अध्याय तुकड्या-तुकड्यांनी वाचला तरी पुरे. आपण जी विनंती करणे सोडून दिले आहे, मूल, नोकरी, नवऱ्याचे व्यसन, तुटलेला भाऊ, जे काही असेल, ती शांततेत पुन्हा एकदा देवापुढे ठेवावी. उत्तर मिळेलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. पण जी विनंती आपण विसरलो ती देव विसरलेला नाही, हे जखऱ्याच्या गोष्टीवरून निश्चित सांगता येते.

दुसरा आणि तिसरा रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे असतात. लोक त्याला टाळून गव्हाणीकडे जाऊ पाहतात, पण शुभवर्तमानात त्या वाटेवर योहान उभाच आहे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला थेट विचारतात: आम्ही काय करावे? त्याच्या उत्तरात उपासतापास नाहीत, दीर्घ प्रार्थना नाहीत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कोणाला लुबाडू नये, खोटा आरोप करू नये आणि आपल्या पगारात समाधान मानावे. तिन्ही उत्तरे माणसाच्या कपाटापर्यंत आणि हिशेबापर्यंत पोहोचतात. आगमनकाळातले आत्मपरीक्षण मनातल्या मनात ‘मी पापी आहे’ म्हणण्यावर थांबते तेव्हा ते योहानापर्यंत पोहोचलेलेच नसते, असे माझे मत आहे.

म्हणून एखाद्या संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसावे. कोणाचे पैसे द्यायचे राहिले आहेत? भिशीत कोणाला अडचणीत टाकले आहे का? कारखान्यात आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीच्या चुकीचे खापर आपण तिच्यावरच फोडले आणि आपल्या चुकीचेही तिच्यावरच फोडले, असे घडले का? घरकामाला येणाऱ्या बाईचे सुटीचे पैसे कापले का? विडी वळणाऱ्या शेजारणीने मदत मागितली तेव्हा आपण दार अर्धेच उघडले का? जावेशी, नणंदेशी, चर्चमधल्या एखाद्या कुटुंबाशी बोलणे बंद आहे का? हे सगळे लिहिल्यावर त्यांतली एकच गोष्ट निवडावी आणि नाताळच्या आधी ती खरोखर करून टाकावी: पैसे परत द्यावे, फोन करावा, घरी जाऊन क्षमा मागावी. क्षमा मागताना आपली बाजू समजावून सांगू नये. समोरच्याने क्षमा केली नाही तरी आपले काम झाले असे समजून परत यावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना चालू ठेवावी. एका अपवादाबद्दल स्पष्ट सांगतो: जेथे मारहाण किंवा छळ झालेला आहे तेथे समेटाच्या नावाखाली पुन्हा त्या माणसाच्या हाती स्वतःला देऊ नये, आधी सुरक्षितता, मग विश्वासू माणसाचा सल्ला. कॅथलिक बंधुभगिनींना या काळात प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे याजकापुढे पापांची कबुली देण्याची, सोय असते. आपल्याकडे पाळकसाहेबांशी एकांतात बोलता येते, आणि ही वाट आपण फार कमी वापरतो याचे मला वाईट वाटते.

ज्या घरात या वर्षी मृत्यू झाला आहे त्या घराविषयी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. नाताळच्या गजरात शोक करणाऱ्याला जागा उरत नाही, आणि तो उपासनेला यायचेच टाळतो. आगमनकाळात ही जागा आहे. स्तोत्र १३ मधला ‘कोठवर, हे परमेश्वरा’ हा प्रश्न आणि स्तोत्र १३० मधली, पहारेकऱ्यांना पहाटेची असते त्याहून अधिक असलेली प्रभूची ओढ, या दोहोंत रडायला पूर्ण मोकळीक आहे आणि आशेलाही. आपल्या ओळखीत असे घर असेल तर या महिन्यात एकदा तेथे जावे, फराळाचा डबा न नेता जावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे, ही स्तोत्रे वाचावी आणि उठावे. उपदेश करू नये.

उपासाबद्दल आपण विचारले आहे. करावा, पण मर्यादेत. बुधवार किंवा शुक्रवार यांपैकी एक दिवस दुपारचे जेवण सोडावे, आणि त्या वेळात शक्य झाल्यास एखादे स्तोत्र वाचावे. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांची औषधे जेवणाशी बांधलेली आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजत आहेत, त्यांनी जेवणाचा उपास करूच नये; त्यांनी रात्री नऊनंतर मोबाइल न पाहण्याचे व्रत घ्यावे. वाचलेले अन्न कोणाच्या तरी ताटात गेले पाहिजे. भाकरीसाठी पीठ काढताना रोज एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी आणि चौथ्या रविवारच्या आधी तो डबा गरज असलेल्या घरी गुपचूप पोहोचवावा. मुलांना हे काम फार आवडते, आणि डबा भरत जाताना त्यांना दिसतो.

मुलांचा विषय निघालाच आहे. चार मेणबत्त्यांचे चक्र घरी करता येते. या चक्राचे मूळ रूप, ज्यात रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्यांसोबत इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्याही होत्या, १८३९ मध्ये जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखेर्न या पाळकांनी अनाथ आणि गरीब मुलांच्या वसतिगृहात सुरू केले, कारण ‘नाताळ कधी?’ हा प्रश्न ती मुले रोज विचारत. तेव्हा ते मुलांना वाट पाहायला शिकवण्याचे साधन आहे, सजावट हा त्याचा हेतू नाही. स्टीलच्या ताटलीत चार साध्या मेणबत्त्या आणि कडेने कडुलिंबाची डहाळी एवढे पुरते. आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावे अलीकडची आहेत आणि त्यांचा क्रमही सगळीकडे एक नाही, म्हणून त्यावर वाद घालू नये. एक मेणबत्ती पेटवून बाकीच्या न पेटलेल्या राहू द्याव्या आणि मुलांना त्या पाहू द्याव्या.

यापेक्षा मोलाची गोष्ट मला १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी वाटते. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये फार प्राचीन काळापासून या सात दिवसांच्या सायंप्रार्थनेत, मरीयेच्या गीताच्या आधी, ख्रिस्ताला रोज एका वेगळ्या नावाने हाक मारली जाते: परात्पराचे ज्ञान, सीनाय पर्वतावर नियमशास्त्र देणारा प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. प्रत्येक हाकेचा शेवट ‘ये’ या विनंतीने होतो. घरी रोज एक नाव घ्यावे आणि त्या नावाला साजेशा माणसांसाठी प्रार्थना करावी. ज्ञानाच्या दिवशी परीक्षेला बसणारी मुले आणि त्यांचे शिक्षक. नियमशास्त्राच्या दिवशी न्यायालयात वर्षानुवर्षे फेऱ्या घालणारे लोक. दाविदाच्या किल्लीच्या दिवशी जिल्हा कारागृहातले बंदी आणि व्यसनात अडकलेले. प्रकाशाच्या दिवशी सरकारी रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आणि त्यांचे रुग्ण. राष्ट्रांच्या राजाच्या दिवशी आपल्या शहरातले सर्व भाषांचे, सर्व धर्मांचे शेजारी. मुलांना नावे सुचवू द्यावी. देवाकडे कोणासाठी काय मागायचे हे ती मोठ्यांपेक्षा नेमके सांगतात, असा माझा अनुभव आहे.

गीतफेरी आणि मुलांचा कार्यक्रम यांना माझा विरोध नाही. तरुण संघाने रात्री घरोघरी जाऊन गाणे ही साक्ष आहे. मात्र फेरी १७ तारखेनंतर सुरू झाली, आणि प्रत्येक घरी गाण्याच्या आधी त्या घराच्या अडचणी विचारून एक छोटी प्रार्थना झाली, तर कमी घरे होतील पण भेटी खऱ्या होतील. आपण महिला मंडळात असाल तर ही सूचना तेथे मांडावी. घरच्या कामांपैकी शिवण आणि साफसफाई पहिल्या आठवड्यात संपवावी, आणि फराळाचे चार प्रकार कमी झाले तरी कोणाचा नाताळ अडत नाही.

चौथ्या रविवारी पाठक्रमानुसार योसेफ, मरीयेला मिळालेला निरोप किंवा मरीया आणि अलीशिबा यांची भेट, यांपैकी एक पाठ येतो. आपले यजमान पाळीच्या कामावर असतात आणि प्रार्थनेत फारसे बोलत नाहीत, असे आपण लिहिले आहे. त्यांच्यासाठी मत्तयाच्या पहिल्या अध्यायातला योसेफ वाचावा. सबंध शुभवर्तमानात त्याच्या तोंडचे एकही वाक्य नोंदलेले नाही. त्याने ऐकले, तो उठला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे केले. त्यांना मोठ्याने प्रार्थना करायला लावू नये. मेणबत्ती पेटवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे, आणि पाळीमुळे ते घरी नसतील त्या दिवशी त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करावी.

शेवटचा मुद्दा आपल्या थकव्याविषयीचा आहे. चर्चच्या वर्षात नाताळ पंचवीस तारखेला सुरू होतो, संपत नाही. तो प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत चालतो. आज डिसेंबरच्या तीन आठवड्यांत आपण जे कोंबतो त्यातले निम्मे या बारा दिवसांत हलवता येते: नातेवाइकांकडे जाणे, शेजाऱ्यांना फराळ देणे, कारखान्यातल्या मैत्रिणींना घरी बोलावणे, जन्मोत्सवाची गीते मनसोक्त गाणे. हे हलवले की २४ तारखेची संध्याकाळ मोकळी होते. त्या संध्याकाळी स्वयंपाक साधा ठेवावा, लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओव्या सासूबाईंकडून ऐकाव्या आणि मुलांना लवकर झोपवावे. ज्या दिवसांत नियम मोडला, वाचन राहिले किंवा तुम्ही रागावलात, त्यांची भरपाई त्या रात्री करत बसू नये. ते दिवस तसेच प्रभूच्या हाती द्यावे आणि झोपावे, म्हणजे सकाळच्या उपासनेला अंगात त्राण राहील.